लिली मरताना काय म्हणाली

"मरताना जरा येशूचं नाव घ्या," मिरीकर म्हणाले.

मी जिन्याच्या तळाशी आडवी पडले होते. छातीपाशी लपवलेली रंगाची पिशवी फुटून फ्रॉक भिजला होता, गुडघा खरचटला होता आणि वरून दिव्यांची धग थेट तोंडावर येत होती.

"कुणाचं?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"येशूचं. 'हे येशू', 'ओ जीझस', काहीतरी. ख्रिश्चन आहे ना ती."

"असं गोष्टीत कुठं आहे?"

"गोष्टीत कशाला हवं? नाव लिली, ओठात सिगरेट, गळ्यात क्रूस. आता काय प्रेक्षकांना जन्माचा दाखला दाखवू?"

"क्रूस तुम्हीच घातलात."

"लिली आहे म्हणून घातला."

मी उठायला लागले. मिरीकर दिग्दर्शक होते, वयानं मोठे होते, आणि मनानं वाईट नव्हते, हीच मोठी पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मला उठायला हात देत ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "पण तुम्ही मराठी काय सुरेख बोलता हो, मिस सिल्विया!"

"तुम्हीपण," मी म्हटलं.

ते खूश झाले. त्यांना काही कळलं नाही.

मिस सिल्विया हे नाव कुणा निर्मात्यानं ठेवलेलं. माझं नाव सिपोरा वाक्रुळकर. वाक्रुळ पेणजवळ आहे. आमचे पूर्वज तिकडे घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आसपासची गावं आम्हाला शनवार तेली म्हणायची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. कोकणात आमच्या किती पिढ्या गेल्या, ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात बोलायचं मराठीत, भांडायचं मराठीत, रडायचं तेही मराठीतच. पण माझे डोळे घारे निघाले, केस भुरे निघाले, आणि तेवढ्यावर चित्रपटवाल्यांनी माझा कायमचा निकाल लावून टाकला.

तेव्हा स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली होती आणि खून, तस्करी, चोरवाटा यांच्या चित्रपटांना नुसता ऊत आला होता. त्या प्रत्येक चित्रपटात एक अड्डा असे. अड्ड्यावर एक बाई असे. ती फ्रॉक घालून नाचे, दारू पिई, हीरोवर जीव टाकी, आणि शेवटी हीरोला लागणारी गोळी स्वतः खाऊन मरे. ती बाई म्हणजे मी. रोझी, किटी, डॉली, लिली. नाव कुठलंही ठेवा, मरण ठरलेलं. मी मोटारीत मेले, पियानोवर मेले, बंदरात पोत्यांच्या थप्पीवर मेले. हीरो डोक्यावरची टोपी काढायचा, मोजून एक सुस्कारा टाकायचा, आणि साडीतल्या सोज्वळ नायिकेकडे चालू लागायचा.

माझी आई, हन्नाबाई, भायखळ्याच्या आमच्या खोलीत माझी वाट बघत बसायची. मी दारात चप्पल काढते न काढते तोच आतून आवाज यायचा, "काय गो सिपू? आज मेलीस काय?"

"नाही, उद्या."

"मग आज मासळी खातेस ना?"

तिनं माझा पहिला चित्रपट तेवढा बघितला होता. त्यात मी रोझी होते. मी मेले आणि आई थेटरातून उठून सरळ घरी आली. मी पोचले तर ही जमिनीवर बसलेली. आमच्यात सुतकात बसतात तशी.

"अगो आई, मी जिवंत आहे," मी म्हटलं.

"दिसतंय मला. पण तू मरताना एक अक्षर तोंडातून काढलं नायस. माणूस जाताना शेमा म्हणतो. तुला तेवढंपण सुचलं नाय?"

शेमा म्हणजे आमची प्रार्थना, देव एक आहे अशी ग्वाही देणारी. म्हणताना उजव्या हातानं डोळे झाकायचे. आमची माणसं कोकणात एकटी पडली, पोथ्या गेल्या, सगळं विसरली, पण शेमा विसरली नाहीत असं म्हणतात. बारशाला शेमा, लग्नात शेमा, आजारपणात शेमा, आणि शेवटच्या श्वासालाही शेमाच.

"आई, ती रोझी होती. रोझी कशाला शेमा म्हणेल?"

"रोझी मेली असेल. पण पडली ती तू," आई म्हणाली. "ज्यात मरत नाहीस असा सिनेमा कधी केलास तर सांग, मी येईन. तोवर मला बोलवू नको."

आणि तिनं खरोखरच पुन्हा थेटरात पाऊल टाकलं नाही. आधी मला हसू यायचं. मग राग यायला लागला. शेजारच्या सगळ्या बायकांनी मला पडद्यावर बघितलं होतं, सारी गल्ली मला ओळखत होती, आणि माझ्या स्वतःच्या आईला मी काय काम करते ते ठाऊक नव्हतं. त्यातच माझा भाऊ शालोम यानं इस्राएलला जायचं नक्की केलं. बायको, मुलं आणि आई, सगळ्यांनी जायचं. खिरीचा सण झाला की निघायचं असं ठरलं. खिरीचा सण आमच्याकडे नवीन वर्षानंतर, पावसाळा सरताना येतो. म्हणजे उरले थोडेच महिने. मी जाणार नव्हते. मला इथंच काम होतं, असलं का होईना.

आई जायच्या आत तिनं मला एकदा पडद्यावर बघावं, एवढंच मला हवं होतं. आणि बघायचं तर मी जिवंत राहायला हवं होतं.

म्हणून मिरीकरांनी 'पीली मोटर' या चित्रपटासाठी बोलावलं आणि "या वेळी वेगळं काम आहे, शरयूचं," असं सांगितलं, तेव्हा मला खुर्चीत बसवेना. शरयू ही इन्स्पेक्टरची बहीण. शाळामास्तरीण. सुती साडी, खांद्यावर शबनम. कुणाला ठार मारत नाही, कुणाकडून मरत नाही. शेवटच्या दृश्यात भावाला चहा आणून देते आणि चित्रपट संपतो. मी सही केली आणि घरी धावत आले.

"चहा देते?" आईनं विचारलं.

"हो."

"मग जिवंत असणार. येते मी," ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत आख्ख्या चाळीला सांगून मोकळी झाली.

पहिल्या दिवशी कपड्यांच्या खोलीत गेले तर माझ्या नावानं टांगलेला चमचमता फ्रॉक. शेजारी सिगरेटची लांब नळी आणि साखळीतला क्रूस. मी तशीच मिरीकरांकडे गेले.

"साहेब, शरयूची साडी कुठाय?"

त्यांनी मान खाली घातली. "अहो, काय झालं, निर्मात्यांनी शरयूसाठी एक नवीन मुलगी आणलीय. अमृतसरची आहे. तुम्हाला मी लिली दिलीय. लिलीला जास्त वाव आहे."

"त्या अमृतसरच्या मुलीला 'शरयू' म्हणता तरी येतं का?"

"म्हणायचं कशाला? ते बाकीचे म्हणतील. शरयू सोज्वळ दिसायला हवी हो. तुमचं कसं आहे, बाकी सगळं ठीक, पण डोळे जरा परके वाटतात."

मिरीकरांच्या पत्नी सेटवर अधूनमधून येत. सदाशिव पेठेतल्या, नऊवारीतल्या, आणि डोळे माझ्याहून घारे. मी तसं बोलून दाखवलं.

"तिची गोष्ट निराळी," मिरीकर म्हणाले.

"निराळी कशी?"

"ती आपल्यातली आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी दात आवळून म्हटलं, "बरं, लिली तर लिली. पण तिला मारू नका. एवढं तरी करा."

मिरीकरांनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, पेन्सिल चावत, प्रामाणिकपणे केला. मग म्हणाले, "नाही मारली तर तिचं करायचं काय? हीरो तिच्याशी लग्न करणार नाही. तुरुंगात घातली तर लोकांना वाईट वाटेल. मोकळी सोडली तर सेन्सॉरला वाईट वाटेल. मेली की सगळ्यांची सोय होते."

तर अशी सगळ्यांची सोय करायला मी त्या जिन्यावरून पडत होते.

माझ्यासारखे तिथं आणखी होते. अड्ड्यावरचा चिनी चँग होता, तो मूळचा दार्जिलिंगचा. त्याला चिनी भाषेचा गंधही नव्हता. मिरीकरांनी सांगितलं, काहीही बोला. तो आपला नेपाळीत डोळे बारीक करून, मूठ आपटून, पोराला थंडी लागेल, खिडकी लाव, असं काहीतरी बोलायचा. मिरीकरांचं एक तत्त्व होतं आणि ते आम्हाला ते वरचेवर ऐकवीत : प्रेक्षकांना कळलं नाही की त्यांना खरं वाटतं.

आणि आमच्या अड्ड्याच्या बँडमध्ये काएतान मास्तर होते. गोव्याचे, व्हायोलिन वाजवणारे, दिसायला एखाद्या हायस्कुलाच्या हेडमास्तरासारखे. या चित्रपटातल्या खलनायकाचं नाव अँथनी होतं. त्याआधीच्या चित्रपटातला पीटर होता.

"माझ्या थोरल्याचं नाव आंतोन," काएतान मास्तर मला एकदा म्हणाले. "शाळेत पोरं त्याला विचारतात, तुझ्या पप्पाचा अड्डा खंय? मी त्या अड्ड्यावर बसून व्हायोलिन वाजवतो. आता पोराला काय सांगू, सांग गो बाय."

मिरीकरांनी त्या दिवशी त्यांनाच हाक मारली. "मास्तर, जरा इकडे या. यांना क्रूस काढायला शिकवा. कपाळ, छाती, खांदे, ते कसं असतं ते. आणि मरताना काय म्हणतात तेही सांगा."

काएतान मास्तरांनी व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं. "ही ख्रिस्तांव न्हय, साहेब."

"मग कोण आहे?"

"इस्राएल. पेणेची."

मिरीकर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे जवळजवळ तेच की!"

काएतान मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. दोघांनाही हसावं की रडावं ते समजेना.

पुन्हा पडणं सुरू झालं. गोळीचा आवाज, माझी किंकाळी, जिना, तळ. मी ओठ हलवायची, पण 'येशू' काही बाहेर पडेना. मला त्या नावाचं वावडं नव्हतं. शेजारच्या मार्थाबाईंच्या घरी मी दर नाताळाला करंज्या खाऊन यायची. पण आईचं ते जमिनीवर बसणं डोळ्यांसमोर यायचं. मिरीकर "कट" म्हणून ओरडायचे. मी पुन्हा जिना चढायची. गुडघ्यातून खरंच रक्त यायला लागलं, तर मिरीकर म्हणाले, "वा, छान दिसतंय, पुसू नका."

मग एकदा मी पडले ती नेहमीपेक्षा जोरात पडले. डोकं पायरीला लागलं. क्रूसाची साखळी फिरून पाठीखाली गेली. मी उताणी झाले आणि मोठा दिवा सरळ डोळ्यांत घुसला. सहन होईना म्हणून मी उजवा हात डोळ्यांवर घेतला.

बस, एवढंच झालं. लहानपणापासून तो हात तसा डोळ्यांवर आला की पुढचं सगळं आपसूक यायचं. आई दिव्यापाशी उभी करायची, हात धरून डोळ्यांवर ठेवायची आणि म्हण म्हणायची. माझं तोंड उघडलं आणि मी शेमा म्हटला. मोठ्यानं, शेवटचा स्वर लांबवून, आमच्या मशिदीत म्हणतात तसा. आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो. म्हणता म्हणता मला रडू आलं. अभिनय कसला, वैताग होता तो. मग हात गळून पडला आणि मी निपचित पडून राहिले.

'कट' कुणी म्हटलंच नाही.

मी डोळे उघडले तर मिरीकर माझ्यावर वाकलेले. आवाज एकदम हळू. "हे काय म्हणालात तुम्ही?"

मी काही बोलणार इतक्यात मागून काएतान मास्तर म्हणाले, "लॅटिन."

"लॅटिन?"

"जुनं लॅटिन. माझी आजी म्हणायची." त्यांनी छातीवर क्रूस काढला, बहुतेक खोटं बोलल्याबद्दल. "हल्ली कुणाला येत नाय."

"अहाहा!" मिरीकरांनी टाळी वाजवली. "ऐकलंत? याला म्हणतात अस्सलपणा! एक अक्षर कळलं नाही आणि अंगावर काटा आला! आता असंच एकदा जवळून घेऊ या. कॅमेरा पुढे घ्या रे."

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"मरताना माणूस एकदाच म्हणतो."

"अहो, पण हा सिनेमा आहे, मिस सिल्विया!"

"मग त्या अमृतसरच्या मुलीला सांगा म्हणायला."

मी उठले आणि लंगडत कपड्यांच्या खोलीकडे निघाले. पाठीमागे काएतान मास्तर गंभीरपणे समजावत होते, की दोनदा म्हटलं तर पाप लागतं, त्यांच्या आजीनं सांगितलेलं. मिरीकर माझ्यावर कितीही चिडले तरी पापाला भ्यायचे. त्यांनी नाद सोडला.

घरी आले. आतून आवाज आला, "काय गो, चहा दिलास काय?"

तेव्हा सांगणं भागच पडलं. शरयू गेली, लिली आली, आणि आजच मेले. आई तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं नाही, मान वर केली नाही.

"मग मी येत नाय," ती म्हणाली.

"आई, या वेळी थोडं वेगळं आहे."

"मरतेस का नाय तेवढं बोल."

"मरते."

"मग काय वेगळं?"

आता हिला काय सांगू? सांगितलं असतं, की त्या दारूच्या गुत्त्याच्या सेटवर, फ्रॉक घालून, सिगरेटची राख अंगावर असताना मी शेमा म्हटला, तर तिनं मला ताटातल्या तांदळासकट बाहेर काढलं असतं. आणि नाही सांगितलं तर ती येणार नव्हती. मी जाऊन गॅलरीत उभी राहिले आणि मिरीकरांना, निर्मात्याला, अमृतसरच्या त्या बिचाऱ्या मुलीला आणि आईलाही मनातल्या मनात शिव्या घातल्या. सगळ्यांत जास्त आईला. ती मला सोडून जाणार होती आणि जाताना एवढंही करणार नव्हती.

पुढचे सगळे महिने आमच्यात हाच घोळ चालला. मी विषय काढायची, ती तांदूळ नाहीतर वाटाणे पुढ्यात घ्यायची. खिरीचा सण आला, गेला. पेट्या भरल्या. 'पीली मोटर' लागला. आईचं निघायचं अगदी तोंडावर आलं. तरी ही ढिम्म. शेवटी मी बोलणंच सोडलं.

आणि एका दुपारी तिनं आपणहून डोक्यावर पदर घेतला. "चल."

"कुठं?"

"तुझ्या त्या मोटारीला. तिकडं गेल्यावर लोक विचारतील, मुलगी काय करते. काय सांगू, मला म्हायती नाय म्हणून?"

तीनचा खेळ होता. आईनं पिशवीत उकडलेल्या शेंगा घेतल्या होत्या. आम्ही बसलो. मागच्या रांगेत कुणी गृहस्थ बायकोबरोबर आले होते आणि बायकोला सगळं आधी समजावून सांगत होते. आई तिचं आपलं बोलत होती.

"ही काय तुझी शरयू?"

"हो."

"पदर सांभाळता येत नाय हिला." थोड्या वेळानं, "हा चिनी काय म्हणतो?"

"खिडकी लाव म्हणतो."

"बरोबर आहे. वारा सुटलाय."

मग मी आले. नाचत, धूर सोडत. आईनं शेंग सोलायची थांबवली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. आता उठेल, मग उठेल, असं वाटत राहिलं. पडद्यावर जिना आला. अँथनीनं पिस्तूल काढलं. हीरोपुढे मी धावले. गोळी सुटली आणि मी गडगडत खाली आले.

आईनं पिशवी उचलली. ती उठणारच होती.

तेवढ्यात भिंतीवरच्या भोंग्यांतून शेमा आला.

मी आईकडे वळले. ती ताठ बसली होती. पिशवी मांडीवरून घसरून खाली पडली, शेंगा सांडल्या, तिला भान नव्हतं. तिचा उजवा हात वर गेला आणि डोळ्यांवर बसला. ओठ हलत होते. शेमाच्या पुढची ओळ मनातल्या मनात म्हणायची असते, तीच आई म्हणत होती. सावकाश, एकही अक्षर न गाळता, जशी घरी म्हणायची तशी.

पडद्यावर माझा हात गळून पडला. हीरोनं टोपी काढली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आई, हात काढ, आता बघ, आताच तर बघायचं होतं! पण मध्ये बोलायचं नसतं.

मागचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "ख्रिश्चन लोकांत अशी पद्धत आहे. लॅटिन आहे ते."

आईनं हात खाली घेतला. ती वळली, खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवलं आणि आजूबाजूच्या दहाबारा लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "ख्रिस्तांव नाय ती. माझी मुलगी आहे. पेणची."

गृहस्थ सॉरी सॉरी करायला लागले. आई पुन्हा पुढे वळून बसली. पडद्यावर अमृतसरची शरयू चहा आणत होती.

"तू कुठं गेलीस गो?" आईनं मला विचारलं.

"मेले."

"कधी?"

"आत्ताच, आई!"

"मी नाय बघितलं."

"तू डोळे झाकलेस ना!"

"मग? उघड्या डोळ्यांनी म्हणायचा काय शेमा?"

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढं सगळं केलं, गुडघा फोडून घेतला, काएतान मास्तरांना खोटं बोलायला लावलं, आणि हिनं काय बघितलं? स्वतःचा तळहात! घरी जाताना मी फुरंगटून पुढे पुढे चालत होते. गल्लीच्या तोंडाशी तिनं मला गाठून माझं मनगट धरलं, ते जिना चढून खोलीत जाईपर्यंत सोडलं नाही.

मिरीकरांच्या पुढच्या चित्रपटात एक मारिया होती. ती मी नव्हते. तीही डोळ्यांवर हात ठेवून, काहीतरी अगम्य पुटपुटत मेली. काएतान मास्तर भेटले तेव्हा डोकं धरून बसले होते. "आता आमच्या इगर्जेत प्रार्थनेला येणाऱ्या म्हाताऱ्या मला विचारतात, हे नवीन कायदे कोणी काढले!"

पण ते पुढचं. त्याआधी आई गेली. सांताक्रूझच्या विमानतळावर सगळी जात गोळा झाली होती, हारतुरे, रडारड, कडेवरची पोरं. आमच्यात हाताला हात लावून तो हात ओठांना लावायची रीत आहे, ती करता करता माणसांचे हात दुखून आले. एलिझाबेथमावशी म्हणजे आमच्या चाळीची बातमीदार. तिनं पुढे होऊन विचारलं, "काय हन्नाबाई, जाता जाता लेकीचा सिनेमा बघितलात म्हणे?"

"बघितला की," आई म्हणाली. "चांगला आहे. तिकडंपण सांगणार आहे सगळ्यांना."

"आणि शेवटी हिचं काय होतं?"

मी मान फिरवली.

"काय व्हायचंय?" आई म्हणाली. "शेमा म्हणते आणि घरी येते."

"आई, मी मरते त्यात!" मला राहवलं नाही.

आईनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे माझ्यासारखेच घारे होते. मिरीकरांनी ते कधी बघितले नाहीत. तिनं माझ्या हाताला हात लावला, तो आपल्या ओठांना लावला.

"मी होते तिथं," ती म्हणाली. "मला नाय दिसलीस मरताना. न बघितलेलं मी कशाला सांगू?"

आणि शालोमच्या धाकटीला कडेवर घेऊन ती विमानाकडे चालू लागली.